ज्यू, अरब आणि समेटाची सेवा: इस्रायल-पॅलेस्टाइनमधले ख्रिस्ती लोक नेमकं काय करतात?

ज्यू आणि अरब यांच्यात समेट घडावा म्हणून काही ख्रिस्ती माणसं आणि संस्था कित्येक वर्षं झटत आहेत, असं सांगितलं की ऐकणारा लगेच विचारतो, "भांडण ज्यू आणि मुसलमानांचं, त्यात ख्रिस्ती कुठून आले?" प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना आपण दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, आणि त्या दोन्ही चुकीच्या आहेत.

पहिली म्हणजे अरब आणि मुसलमान हे एकच. अरब ही ओळख भाषेची आणि संस्कृतीची, धर्माची नव्हे. नाझरेथ, हैफा, बेथलेहेम, रामल्ला या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी अरब ख्रिस्ती घराणी आहेत. त्यांची उपासना अरबीत चालते, बायबल अरबीत असतं, आणि त्या बायबलात देवासाठी शब्द आहे 'अल्लाह'. इस्रायलच्या लोकसंख्येत ख्रिस्ती दोन टक्क्यांच्या आसपास आहेत आणि त्यांतले तीन चतुर्थांश अरब आहेत. इस्रायलची स्थापना झाली तेव्हाच्या, 1948 च्या युद्धात सुमारे 7 लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. त्यांत ही ख्रिस्ती कुटुंबंही होती. घर सोडताना कुणी कुणाचा धर्म विचारला नव्हता.

दुसरी चुकीची समजूत अशी की ज्यू माणूस येशूला मानणं शक्यच नाही. इस्रायलमध्ये काही हजार ज्यू असे आहेत जे येशूला मसीहा मानतात. त्यांना मेसियानिक ज्यू म्हणतात. ते शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा पाळतात, वल्हांडण हा ज्यूंचा सण साजरा करतात, हिब्रूत प्रार्थना करतात, आणि त्यांची मुलं बाकीच्या ज्यू मुलांसारखीच सक्तीच्या लष्करी सेवेत जातात. 'ख्रिस्ती' हा शब्द ते सहसा स्वतःला लावत नाहीत. ज्यू समाजातले बहुतेक लोक मात्र त्यांना आपलं मानायला तयार नसतात.

आता हे दोन गट समोरासमोर ठेवा. एकाच येशूपुढे गुडघे टेकणाऱ्या दोन आया. एकीचा मुलगा लष्करी नाक्यावर बंदूक घेऊन उभा आहे आणि दुसरीचा मुलगा त्याच नाक्यावर परवाना हातात धरून रांगेत उभा आहे. या विषयाचं मर्म मला इथंच दिसतं. समेटाचं काम करणारे हे ख्रिस्ती लोक बाहेरून आलेले पंच नाहीत. ते या भांडणातले पक्षकार आहेत. त्यांची घरं, त्यांची माणसं यात गेली आहेत. त्यांच्या कामाचं बळ यातच आहे, आणि ते इतकं अवघड का आहे याचं कारणही यातच आहे.

मिशननं बांधलेली दोन दारं

मराठी माणसाला 'मिशन' म्हटलं की शाळा, दवाखाना आणि धर्मांतर ही तीन चित्रं दिसतात. ज्यूंमधलं मिशनकार्य तर आपल्या अगदी अंगणात झालेलं आहे. 1829 साली मुंबईत आलेल्या जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं कोकणातून मुंबईला आलेल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, मुलांना शिकवलं आणि हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. बेने इस्रायलांनी शिक्षण मनापासून घेतलं, हिब्रूशी आपलं नातं पुन्हा जोडलं, आणि फार थोडे अपवाद सोडता धर्म काही बदलला नाही.

जेरुसलेममध्ये हीच गोष्ट मोठ्या पटावर घडली. इंग्लंड आणि प्रशिया हे जर्मन राज्य यांनी मिळून 1841 मध्ये तिथं प्रोटेस्टंट बिशपाचं पद निर्माण केलं. पहिला बिशप मायकल सॉलोमन अलेक्झांडर हा मुळात ज्यू, एकेकाळचा रब्बी. त्याचं लक्ष ज्यूंकडे होतं. त्याच्यानंतर 1846 मध्ये सॅम्युएल गोबात आला आणि त्यानं मोर्चा अरबांकडे वळवला, खेडोपाडी शाळा काढल्या. याफा दरवाज्याजवळचं ख्राइस्ट चर्च ज्यूंसाठीच्या कामाचं केंद्र झालं. अरबांसाठी वेगळ्या मंडळ्या उभ्या राहिल्या. हेतू काहीही असो, परिणाम असा झाला की एकाच शहरात हिब्रूकडे उघडणारं एक दार आणि अरबीकडे उघडणारं दुसरं दार तयार झालं, आणि दोन दारांतून आत गेलेली माणसं एकमेकांना भेटलीच नाहीत. विसाव्या शतकात राष्ट्रवादाची आग पेटली तेव्हा ही मंडळी सहज दोन बाजूंना विभागली गेली, कारण ती कधी एकत्र आलेलीच नव्हती.

ज्यूंच्या मनात ख्रिस्ती मिशनबद्दल जी धास्ती आहे ती याहून कितीतरी जुनी आहे. 1099 मध्ये क्रूसेडवाल्यांनी, म्हणजे युरोपातून धर्मयुद्धाला आलेल्या ख्रिस्ती सैन्यानं, जेरुसलेम घेतलं तेव्हा तिथल्या ज्यूंची कत्तल झाली. युरोपात शतकानुशतकं "तुम्ही येशूला मारलंत" हा आरोप पिढीजात कर्जासारखा प्रत्येक ज्यू मुलाच्या डोक्यावर होता. त्यामुळे ख्रिस्ती माणूस प्रेमाची भाषा बोलू लागला की ज्यू ऐकणाऱ्याला वाटतं, यामागं काय आहे? इस्रायलमध्ये 1977 पासून कायदा आहे की धर्मांतरासाठी पैसा किंवा वस्तूचं आमिष दाखवणं हा गुन्हा. श्रद्धेबद्दल बोलायला मात्र बंदी नाही.

म्हणून समेटाचं काम करू पाहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला आधी स्वतःच्या घरातलं ओझं उतरवावं लागतं. कॅथलिक चर्चनं हे अधिकृतपणे केलं 28 ऑक्टोबर 1965 रोजी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं जाहीर केलं की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही. दोन हजार वर्षांच्या मानानं उशीर झाला, फार उशीर झाला. पण ते झालं नसतं तर पुढच्या गोष्टी घडल्या नसत्या.

एका टेकडीवरचं गाव

या परिषदेच्या कामात हातभार लावणाऱ्यांमध्ये ब्रूनो हुसार हा डोमिनिकन धर्मगुरू होता. जन्म 1911 चा, कैरोमधल्या ज्यू कुटुंबातला. शिक्षणासाठी फ्रान्सला गेला, तिथं कॅथलिक झाला, आणि 1953 मध्ये इस्रायलला आला. ख्रिस्ती धर्मगुरू, ज्यू, इस्रायली नागरिक आणि मूळचा इजिप्तचा. या चारही ओळखी एकाच माणसाच्या अंगात होत्या आणि त्यांतली एकही टाकायला तो तयार नव्हता.

जेरुसलेम आणि तेल अवीव यांच्या मधोमध लात्रून नावाची जागा आहे. तिथल्या मौनव्रती साधूंच्या मठानं 1970 मध्ये आपली टेकडीवरची पडीक जमीन हुसारला नाममात्र भाड्यानं दिली. पाणी नाही, वीज नाही, सावलीला झाड नाही. हुसार आणि दोन-चार सोबती तिथं जाऊन राहिले. ज्यू आणि अरब कुटुंबांनी आपल्या मर्जीनं एकत्र राहावं असं गाव त्याला हवं होतं. नाव घेतलं यशया संदेष्ट्याच्या 32 व्या अध्यायातून: हिब्रूत नेवे शालोम, अरबीत वाहात अस-सलाम, म्हणजे शांतीचं निवासस्थान. कित्येक वर्षं कुणीच राहायला आलं नाही. पहिली कुटुंबं आली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस.

हुसारनं या गावाला ख्रिस्ती वसाहत केलं नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथं ज्यू आहेत, अरब मुसलमान आहेत, अरब ख्रिस्ती आहेत, आणि अजिबात धर्म न मानणारेही आहेत. ज्यू आणि अरब कुटुंबांची संख्या बरोबरीची ठेवतात. 1979 मध्ये तिथं शांतिशाळा सुरू झाली, जिथं दोन्ही बाजूंचे तरुण आणि मोठी माणसं येऊन एकमेकांशी रोखठोक बोलायला शिकतात. 1984 पासून मुलांची शाळा हिब्रू आणि अरबी अशा दोन्ही भाषांत चालते. गावाच्या एका बाजूला पांढऱ्या घुमटाचं शांतिगृह आहे. आत क्रूस नाही, चंद्रकोर नाही, दावीदाचा तारा नाही. कुणीही जावं, गप्प बसावं.

गाव आदर्श आहे असं मात्र समजू नका. 4 फेब्रुवारी 1997 ला लेबनॉनकडे निघालेली इस्रायलची दोन लष्करी हेलिकॉप्टरं एकमेकांवर आदळली आणि 73 जण गेले. त्यांत या गावात लहानाचा मोठा झालेला एक ज्यू तरुण होता. आईवडिलांना आणि मित्रांना गावात त्याच्या आठवणीची पाटी हवी होती. अरब शेजाऱ्यांनीही त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, तेही रडले. पण ते म्हणाले, हा मुलगा आमचा. मात्र तो ज्या लष्कराच्या गणवेशात गेला त्याचं स्मारक आम्ही आमच्या गावात कसं उभारायचं? लेबनॉनमध्ये त्या लष्करासमोर आमचीच माणसं होती. वाद फार ताणला गेला. शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले. अखेर बास्केटबॉलच्या मैदानाशी, तो जिथं खेळायचा तिथं, एक छोटी पाटी लागली: शांतीचं लेकरू, युद्धात गेलं, अशा अर्थाची.

एकत्र राहणं म्हणजे काय, हे या पाटीच्या भांडणातून जितकं कळतं तितकं कोणत्याही भाषणातून कळणार नाही. एकच दुःख, आणि ते व्यक्त करायची एकच पद्धत दोघांना मिळेना.

सुलहा आणि मुसालहा

हुसारनं गाव वसवलं. दुसऱ्या एका माणसानं प्रवास निवडला. सलीम मुनायर हे लोद शहरातल्या पॅलेस्टिनी ख्रिस्ती कुटुंबातले, इस्रायलचे नागरिक. ऐंशीच्या दशकात ते बेथलेहेम बायबल कॉलेजात पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांना शिकवत, आणि मेसियानिक ज्यू विद्यार्थ्यांनाही शिकवत. डिसेंबर 1987 मध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, सुरू झाला. त्यांच्या लक्षात आलं की दोन्हीकडचे विद्यार्थी तेच पवित्र शास्त्र वाचतात, त्याच प्रभूची प्रार्थना करतात, आणि एकमेकांबद्दल त्यांना काडीचीही माहिती नाही. 1990 मध्ये त्यांनी संस्था काढली आणि नाव ठेवलं मुसालहा, म्हणजे अरबीत समेट.

हा शब्द साधासुधा नाही. हिंदी-उर्दूतला 'सुलह' आपण ऐकलेला असतो, तोच त्याचा धातू. अरब खेड्यांत 'सुलहा' नावाचा एक जुना रिवाज आजही चालतो. एखाद्या घराण्याच्या माणसाच्या हातून दुसऱ्या घराण्यातला माणूस मेला, तर दोषी घराणं गावातल्या मान्यवर वडीलधाऱ्यांकडे जातं. ही मंडळी, म्हणजे 'जाहा', मृताच्या घरी जाते, अपमान सोसते, पुन्हा जाते. आधी ठरावीक काळाची शस्त्रबंदी होते. मग दोष ठरतो, भरपाई ठरते. शेवटी सगळ्या गावासमोर दोन्ही घराणी रांगेत उभी राहून हस्तांदोलन करतात, कडू कॉफी पितात, आणि एकत्र जेवतात. आपल्याकडच्या गावकीच्या बैठकीची आठवण व्हावी असं बरंच काही यात आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या: जेवण सगळ्यात शेवटी आहे. आधी गुन्हा कबूल करणं, मग भरपाई, मग क्षमा, मग अन्न. हा क्रम पुढे फार कामाला येणार आहे.

मुसालहाची सुरुवातीपासूनची ओळख म्हणजे वाळवंटातल्या सहली. मेसियानिक ज्यू आणि पॅलेस्टिनी ख्रिस्ती तरुणांना एकत्र करून नेगेव्ह, सिनाई किंवा जॉर्डनच्या वाळवंटात काही दिवस उंटांवरून न्यायचं. वाळवंटच का? शहरात भेटलं की कुणीतरी यजमान असतो आणि कुणीतरी पाहुणा. जेरुसलेममध्ये भाषा हिब्रू, रस्ता ज्यूंच्या सवयीचा. वाळवंट कुणाच्याच मालकीचं नाही. पाणी मोजकं, ऊन सगळ्यांना सारखं, उंट हट्टी. सामान बांधायला, उंट उठवायला, चूल पेटवायला दुसऱ्याचा हात लागतोच. शिवाय दोन्ही बाजूंच्या शास्त्रात वाळवंट ही देव भेटण्याची जागा आहे.

मानसशास्त्रात यामागचा विचार गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन अभ्यासकानं 1954 मध्ये मांडला होता. नुसत्या भेटीनं पूर्वग्रह जात नाहीत, उलट वाढूही शकतात. भेटणाऱ्यांचा दर्जा समान हवा, काम सामाईक हवं, ते एकमेकांच्या मदतीनंच होणारं हवं, आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचा त्याला पाठिंबा हवा. वाळवंटात पहिल्या तीन अटी आपोआप जुळतात. चौथीसाठी मुसालहानं दोन्ही बाजूंच्या मंडळ्यांच्या पाळकांना आधी एकत्र आणलं. ज्या पाळकाला हे पटत नाही, त्याच्या मंडळीतली पोरं कशी येणार?

तिसरी पायरी

अनुभवातून या संस्थेनं समेटाच्या सहा पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर ओळख होते, गाणी, खेळ, प्रार्थना होतात. दुसऱ्या पायरीवर माणसं मन उघडतात, घरातल्या गोष्टी सांगतात. ज्यू मुलगी सांगते, आमच्या आजीच्या घरचं युरोपात कुणीच वाचलं नाही. पॅलेस्टिनी मुलगा सांगतो, आमच्या आजोबांकडे 1948 साली सोडलेल्या घराची किल्ली अजून आहे. इथवर सगळं छान चालतं, आणि बाहेरच्या पाहुण्यांना दाखवायचे फोटो याच टप्प्यावरचे असतात.

तिसरी पायरी आहे माघार. कुणीतरी असं काही बोलतं की समोरच्याच्या काळजाला लागतं. सैन्यात जाणं हे माझं कर्तव्य आहे, असं एक जण म्हणतो. तुझं सैन्य आमच्या घरात रात्री दोनला शिरलं होतं, असं दुसरा म्हणतो. माणसं उठून जातात. पुढच्या बैठकीला येत नाहीत. परत आपल्या लोकांत गेल्यावर तिथं ऐकावं लागतं, तू शत्रूशी हातमिळवणी केलीस. बहुतेक प्रयत्न या टप्प्यावर मोडतात, आणि बाहेरच्यांना वाटतं की काम फसलं.

मुसालहाचं म्हणणं असं की ही माघार म्हणजे अपयश नव्हे, तो रस्त्यातलाच एक टप्पा आहे. तिच्याशिवाय पुढची वाट नाही. चौथ्या पायरीवर माणूस स्वतःची ओळख पुन्हा तपासतो: शत्रूला शिव्या दिल्याशिवाय मी ज्यू राहू शकतो का? शत्रूवर माया केली तर मी पॅलेस्टिनी उरतो का? पाचवीवर तो पुन्हा टेबलाशी येतो, या वेळी समोरच्याचं दुःख खरं आहे हे धरून. सहावीवर काहीतरी करायचं असतं: समोरच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल आपल्या लोकांमध्ये तोंड उघडायचं. सहावी पायरी चढणारे थोडे असतात. अशांमुळेच हे काम पुढं सरकतं, असं मला वाटतं.

दोन्ही बाजूंना भेटीतून जे हवं असतं तेही एकसारखं नसतं. इस्रायली ज्यू सहसा म्हणतो, आधी मैत्री होऊ दे, राजकारण नंतर बघू. पॅलेस्टिनी म्हणतो, आधी माझ्या जमिनीचं, परवान्याचं, भिंतीचं बोल, मग मैत्री होईलच. दोघंही प्रामाणिक असतात. फरक असा की बैठक संपल्यावर एक जण आपल्या नेहमीच्या आयुष्यात परततो आणि दुसरा नाक्यावरच्या रांगेत. सुलह्याचा क्रम आठवा. कबुली आणि भरपाईच्या आधी जेवण वाढलं, तर ज्याचं नुकसान झालंय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

एकच पुस्तक, दोन वाचनं

श्रद्धा एक असल्यानं काम सोपं होतं असं वाटेल. कधीकधी उलटच होतं. निर्गम आणि यहोशवा ही बायबलमधली पुस्तकं मेसियानिक ज्यू वाचतो तेव्हा त्याला गुलामीतून सुटलेले आपले पूर्वज आणि देवानं वचन दिलेला देश दिसतो. पॅलेस्टिनी ख्रिस्ती माणूस तीच पानं वाचताना इस्राएली लोकांनी जिंकलेल्या यरीहो शहराच्या आत राहणाऱ्यांच्या जागी स्वतःला बघतो. 1948 नंतर अनेक अरब मंडळ्यांमध्ये स्तोत्रं म्हणताना 'इस्राएल' हा शब्द तोंडातून निघेना, कारण आदल्या वर्षापर्यंत शास्त्रातला असलेला हा शब्द आता त्यांचं गाव घेणाऱ्या सरकारचं नाव झाला होता. मराठी ख्रिस्ती माणूस रविवारी उपासनेत तेच स्तोत्र किती सहज म्हणतो! त्या सहजतेमागं भूगोलाचं केवढं अंतर आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही.

मग दोघं मिळून कोणत्या पानावर उभे राहतात? बहुतेक वेळा बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांवर. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात तो म्हणतो की देवानं 'समेटाची सेवा' आपल्याला दिली. इफिसकरांच्या पत्रात म्हणतो की ख्रिस्तानं ज्यू आणि परराष्ट्रीय या दोघांना एक केलं, मधली आडभिंत पाडली. ही आडभिंत कवीकल्पना नव्हती. जेरुसलेमच्या मंदिरात खरंच एक दगडी कठडा होता आणि परक्यानं तो ओलांडला तर मृत्यूला तोच जबाबदार, असा इशारा त्यावर ग्रीकमध्ये कोरलेला होता. 1871 मध्ये त्यातला एक दगड सापडला. तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

जानेवारी 2016 मध्ये मेसियानिक ज्यू आणि पॅलेस्टिनी ख्रिस्ती पुढारी सायप्रसच्या लार्नाका शहरात भेटले आणि त्यांनी एक संयुक्त निवेदन काढलं. कशावर एकमत आहे ते त्यात लिहिलं, आणि कशावर नाही तेही लिहिलं. जमिनीच्या वचनाबद्दल एकमत झालं नाही. मतभेद लपवला नाही म्हणूनच मला ते निवेदन विश्वासाचं वाटतं.

भेटण्यासाठी सायप्रसला का जावं लागावं? बेथलेहेम ते जेरुसलेम हे अंतर जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. पण बेथलेहेम ज्यात येतं त्या, इस्रायली लष्कराच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी माणसाला जेरुसलेमला यायला लष्करी परवाना लागतो. उलट, पॅलेस्टिनी प्रशासनाच्या पूर्ण ताब्यातल्या 'अ' विभागात इस्रायली नागरिकांना जायला मनाई आहे. वेशीवर लाल पाट्या लावलेल्या आहेत. 2002 पासून मध्ये भिंत उभी राहू लागली. आत्मघाती हल्ले थांबवायला ती हवी, असं इस्रायलचं म्हणणं. ती आमच्या जमिनीच्या आतून जाते, असं पॅलेस्टिनींचं म्हणणं, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 2004 मध्ये आपल्या मतात ती बेकायदा ठरवली. या सगळ्यात दोघांनाही परवान्याशिवाय येता येईल अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली एक बेथलेहेमजवळच्या बेत जालातली जर्मन ल्यूथरन मिशनची शाळा. एकोणिसाव्या शतकात अरब मुलींसाठी निघालेली ही शाळा आता भेटीगाठींचा आसरा झाली आहे, केवळ ती नकाशावरच्या सोयीच्या विभागात येते म्हणून. शाळेचं नाव 'तालिथा कुमी', मार्काच्या शुभवर्तमानातले येशूचे शब्द: मुली, ऊठ.

'तत्बी' आणि युद्ध

पॅलेस्टिनी समाजात या भेटींवर कडक टीका होते. तिच्यासाठी शब्द आहे 'तत्बी', म्हणजे जे मुळात चुकीचं आहे ते नेहमीचंच असल्यासारखं करून टाकणं. टीकाकार विचारतात, जमीन जातेय, घरं पाडली जाताहेत, आणि तुम्ही उंटावर बसून गाणी म्हणताय? मला ही टीका निम्मी पटते. नुसतं गोडगोड बोलणं बलवानाच्या पथ्यावर पडतं. पण एकमेकांना न भेटता न्याय कसा येणार, याचं उत्तर टीकाकारांकडेही नाही.

मुनायर यांच्या लोदचंच बघा. जुलै 1948 मध्ये लोद आणि शेजारच्या रामलामधून पन्नास हजारांहून अधिक अरबांना हाकललं गेलं. मुनायर यांचं कुटुंब मागं राहिलेल्या थोड्यांपैकी. रिकाम्या घरांत जगभरातून आलेले ज्यू राहायला आले. त्या ज्यूंमध्ये आपले बेने इस्रायलही होते, आणि लोद-रामलामध्ये आजही मराठी कानावर पडतं. कोकणातून आलेल्या, ज्यांच्या पूर्वजांना धर्मावरून कुणी छळलं नव्हतं, अशा माणसांच्या वाट्याला दुसऱ्यानं सोडलेलं शहर आलं. त्यांच्या मनाशी या समेटाच्या गोष्टी कुणीतरी मराठीतून बोलायला हव्यात, असं मला फार वाटतं.

मे 2021 मध्ये याच लोदमध्ये ज्यू आणि अरब शेजारी एकमेकांवर तुटून पडले. एक अरब माणूस गोळीनं गेला. घरी परतणारा एक ज्यू माणूस डोक्यात दगड बसून गेला. त्याच्या घरच्यांनी अवयवदान केलं आणि त्याचं मूत्रपिंड जेरुसलेममधल्या एका अरब ख्रिस्ती बाईंना बसवलं गेलं. हे कोणत्याही संस्थेनं घडवून आणलेलं नव्हतं.

मग 7 ऑक्टोबर 2023 आला. गाझातल्या हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे 1,200 माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. पुढं इस्रायलच्या हल्ल्यांत गाझात हजारो, मग दहा हजारांच्या पटीत माणसं मेली. 19 ऑक्टोबरला गाझातल्या संत पोर्फिरियसच्या जुन्या चर्चच्या आवारात आसरा घेतलेल्या लोकांवर इस्रायलच्या हवाई हल्ल्यात इमारत कोसळली. सगळ्या गाझात ख्रिस्ती उरले होते हजारभर. त्यांतली डझनाहून अधिक माणसं त्या एका रात्रीत गेली. त्या डिसेंबरात बेथलेहेमच्या ल्यूथरन चर्चनं नाताळचा गोठा विटा-सिमेंटच्या ढिगाऱ्यातून मांडला आणि बाळ येशूला त्या ढिगाऱ्यात ठेवलं. सहा पायऱ्यांच्या भाषेत बोलायचं तर दोन्ही समाज एकाच वेळी तिसऱ्या पायरीवर गेले.

कुलूप लावलेलं चर्च

शेवटी एका माणसाची गोष्ट. इलियास शाकूर हे मेल्काइट, म्हणजे पौर्वात्य परंपरेच्या कॅथलिक पंथाचे, धर्मगुरू, पुढं 2006 ते 2014 गालीलचे आर्चबिशप. 1965 मध्ये ते इबिलीन या अरब गावात आले तेव्हा गावच आपसांत फाटलेलं होतं, सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, चर्च भरलं असताना शाकूर यांनी दारांना साखळी-कुलूप घातलं आणि सांगितलं, आता इथंच एकमेकांना मारा, नाहीतर समेट करा. त्याशिवाय दार उघडणार नाही. बराच वेळ कुणी हललं नाही. मग गावातला एक पोलीस उठला आणि त्यानं आपल्या भावांची माफी मागितली. ते आलिंगन पाहून सगळं चर्च उठलं. ज्यू आणि अरब यांच्या गोष्टी करण्याआधी शाकूर यांनी अरब आणि अरब यांच्यापासून सुरुवात केली. त्यांनी तिथं काढलेल्या शाळेत आज ख्रिस्ती, मुसलमान आणि द्रूझ या वेगळ्या अरबी भाषक धर्मपंथाची मुलं शिकतात आणि ज्यू शिक्षकांनीही तिथं शिकवलं आहे.

पण शाकूर स्वतः इबिलीनचे नव्हेत. त्यांचं गाव बिरीम, लेबनॉनच्या सीमेजवळचं ख्रिस्ती गाव. 1948 मध्ये ते जेमतेम नऊ वर्षांचे होते तेव्हा सैन्यानं गावकऱ्यांना सांगितलं, काही दिवसांसाठी बाहेर जा, परत येऊ देऊ. गावकऱ्यांनी विश्वास ठेवला. परतीसाठी अर्ज केले, न्यायालयात गेले. सप्टेंबर 1953 मध्ये विमानांनी गाव पाडलं. उरलं ते एक चर्च. सत्तरच्या दशकापासून तिथं आपली माणसं पुरायला परवानगी आहे. सणाला, लग्नाला बिरीमचे लोक त्या चर्चमध्ये येतात, आणि संध्याकाळी आपापल्या गावी निघून जातात. राहायला फक्त मेलेल्यांना मुभा आहे.